चाळीस जीबीची ड्रम किट्स, तरी बीट पोकळच

पत्राचा सारांश: पत्रलेखक २२ वर्षांचा आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. आठ वर्षं तबला शिकून त्याने मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. गेली दोन वर्षं तो घरच्या लॅपटॉपवर बीट्स, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं ठेक्याचं संगीत, बनवतोय आणि गावातले दोन मित्र त्यावर मराठीत रॅप करतात. त्याच्या हार्ड डिस्कवर चाळीस जीबीच्या आसपास ड्रम सॅम्पल किट्स, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेल्या ड्रमच्या आवाजांचे संच, आहेत. काही विकत घेतलेली, बरीचशी टेलिग्रामवरून उतरवलेली. तरीही बीट ‘पोकळ’ वाटते. मित्रांपैकी एकाने हल्ली इंटरनेटवरून तयार बीट्स घ्यायला सुरुवात केली आहे. लग्नसराईत मांडवाचं काम करून साठवलेले वीस हजार रुपये पत्रलेखकाकडे आहेत. ते एका मोठ्या किटच्या संचावर घालावेत का, असं त्याला विचारायचं आहे. तबल्याचे गुरुजी त्याला म्हणाले, “दुसऱ्याने वाजवलेलं चिकटवणं हे वादन नाही.” ते त्याच्या मनाला लागलं आहे. आपण करतोय ती फसवणूक आहे का, हा त्याचा दुसरा प्रश्न.

मित्रा,

तुझे प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: बीट किटमध्ये असते. गुरुजींना तसं वाटतं, म्हणून ‘यात तुझं काय?’ असा त्यांचा सूर आहे. तुलाही तसंच वाटतं, म्हणून महागडं किट आलं की बीट भरून येईल अशी आशा आहे. आधी ही समजूतच तपासू. वीस हजारांचं त्यानंतर बघता येईल.

१९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणलं. त्याचे आवाज सर्किटमधून निघायचे आणि खऱ्या ड्रमसारखे अजिबात वाटायचे नाहीत. साधारण बारा हजार मशीन बनली आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि अमेरिकेतल्या हिप-हॉप आणि टेक्नो करणाऱ्या तरुणांच्या हाती पडली. आज तुझ्या चाळीस जीबीत ‘८०८’ नावाच्या शेकडो फाइल्स असतील. जगातल्या जवळपास प्रत्येक बीट बनवणाऱ्याकडे त्या आहेत. आवाज सगळ्यांकडे तेच असताना एकाची बीट छातीत धडकते आणि दुसऱ्याची कानावरून निघून जाते, त्याचं कारण किटच्या बाहेर शोधायला हवं.

अजून एक उदाहरण मी शिकणाऱ्यांना नेहमी देतो. १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे आवाज भरून घेऊन वाजवणारं मशीन आलं. त्यात एकूण दहा सेकंदांचाच आवाज मावायचा. आजच्या हिशोबात अर्धा एमबीसुद्धा नाही. त्या दहा सेकंदांत किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), हॅट (झांजांची जोडी) आणि जुन्या रेकॉर्डवरचे तुकडे, सगळं बसवायचं. त्यावर लोकांनी युक्ती काढली. तेहतीसच्या वेगाची तबकडी पंचेचाळीसवर फिरवून आवाज भरायचा, मग मशीनमध्ये त्याचा स्वर खाली आणायचा. त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये जी खरखर आपल्याला आवडते, तिचा मोठा भाग या काटकसरीतून आलेला आहे. जागा कमी होती म्हणून एकेक आवाज त्यांनी पारखून घेतला. तुझ्यावर तशी वेळ कधी आलीच नाही. तू पत्रात लिहिलंस की ‘चांगली किक शोधता शोधता रात्र जाते आणि बीट राहते.’ तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आता गुरुजींचं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तू मनापासून घ्यावंस असं मला वाटतं. किटमध्ये दोन प्रकारच्या फाइल्स असतात. एक वन-शॉट, म्हणजे एकच ठोका: एक किक, एक टाळी. दुसरा लूप, म्हणजे चार-आठ मात्रांचं वाजवून ठेवलेलं वादन. वन-शॉट हा एक बोल आहे. ‘ना’ हा बोल तूही शोधला नाहीस आणि गुरुजींनीही नाही; तो कुठे, किती जोरात आणि कशानंतर यायचा हे वाजवणारा ठरवतो. लूप मात्र कुणीतरी बांधलेला आख्खा कायदा, म्हणजे तबल्यातली बांधीव रचना, आहे. तो जसाच्या तसा लावून वर आपलं नाव टाकलं, तर गुरुजींचा आक्षेप मला मान्य आहे. लूपवर बंदी घाल असं मी म्हणत नाही. तो कापून, उलटा करून, त्यातल्या एका ठोक्यावर नवं काही उभं करणं हीसुद्धा कला आहे. पण तुझ्या पत्रावरून दिसतं की तुझ्या बऱ्याच बीट्समध्ये हॅटचा लूप आयता आहे. तिथून तो काढ. हॅट स्वतः वाजव.

पुढचं सांगण्याआधी एक विचारतो. बीट पोकळ वाटते ती कशावर ऐकताना? लॅपटॉपच्या स्पीकरवर असेल, तर त्या स्पीकरमधून पन्नास हर्ट्झचा आवाज बाहेरच पडत नाही. तू किक वाढवत नेतोस, ती ऐकू येत नाही, अजून वाढवतोस, आणि मग मित्राच्या गाडीत ती फाटते. दुसरं म्हणजे, तू तुलना बाजारात आलेल्या गाण्यांशी करतोस. ती मास्टर होऊन, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवून, आलेली असतात, त्यामुळे मोठ्याने वाजतात, आणि मोठा आवाज कानाला नेहमी भरलेला वाटतो. त्या गाण्याचा आवाज तुझ्या बीटइतका खाली आण आणि मग शेजारी ठेवून ऐक. निम्मं दुःख तिथेच कमी होईल. उरलेलं निम्मं खरं आहे, त्याबद्दल बोलू.

तुझ्याकडे आठ वर्षांचा तबला आहे आणि बीट बनवताना तू तो खोलीबाहेर ठेवतोस, याचं मला फार वाईट वाटलं. मैफलीआधी तू काय करतोस? हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत तबला गायकाच्या सुरात लावतोस. तो अर्धा सूर जरी उतरला तरी तुला चैन पडत नाही. मग ८०८ची लांब घुमणारी किक (पुढे तिला नुसतं ‘८०८’ म्हणतो), जिला स्पष्ट स्वर असतो, ती गाण्याच्या सुरात आहे की नाही हे तू कधी तपासलंस? किटमधली फाइल बहुतेक वेळा कुठल्यातरी भलत्याच स्वरात असते. तुझा मित्र काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) म्हणत असेल आणि ८०८ पांढरी दोनमध्ये असेल, तर तळाशी सतत एक ओरखडा राहतो. ऐकणाऱ्याला तो दाखवता येत नाही, पण गाणं ‘बसत नाही’ एवढं त्याला कळतं. फाइल सॅम्पलरमध्ये (फाइल स्वरांवर वाजवू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाक, पेटी किंवा कीबोर्डवर सा धर आणि कानाने जुळव. सूर मोजणारे ट्यूनर प्लगइन (बीटच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत, पण तुला त्यांची गरज पडू नये.

याच ओघात एक व्यवहाराची गोष्ट. काळी एकचा अगदी खालचा सा सुमारे ३५ हर्ट्झवर येतो. बहुतेक स्पीकरवर तो वाजतच नाही. एक सप्तक वर घेतला तर ६९ हर्ट्झ, तिथे तो दणका राहत नाही. पांढरी चार ते पांढरी पाच या पट्टीत, म्हणजे साधारण ४४ ते ४९ हर्ट्झवर, ८०८ सगळ्यात छान घुमतो. रॅपमध्ये गाण्याची पट्टी बदलायला फारशी अडचण नसते, तेव्हा बीटची पट्टी ठरवतानाच हा विचार कर. फोनच्या स्पीकरवरही त्याचं अस्तित्व कळावं म्हणून ८०८ला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) दे. त्याने वरचे उपस्वर तयार होतात आणि त्यांच्यावरून कान खालचा स्वर ओळखतो.

आता एकावर एक किक रचण्याबद्दल. तू लिहिलंस की जोर यावा म्हणून एकाच ठिकाणी तीन किक लावतोस. ‘धा’ कसा होतो ते आठव. तबल्यावर ‘ना’ आणि डग्ग्यावर ‘घे’, दोन्ही एकाच क्षणी. प्रत्येक हाताचं काम वेगळं आहे. दोन डग्ग्यांवर कुणी धा वाजवत नाही. तुझ्या तिन्ही किक खालच्याच पट्ट्यात घुमतायत, आणि त्यांच्या लहरी उलटसुलट पडल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. तीन किक लावूनही आवाज एकीपेक्षा बारीक होतो तो त्यामुळे. एक किक घुमाऱ्यासाठी ठेव. दुसरी हवीच असेल तर तिचा खालचा भाग कापून फक्त वरची टक्क ठेव. मग दुसरीची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली बाजू, उलटी करून बघ, ज्या बाजूला पोट भरलेलं वाटेल ती ठेव. दोन्ही हात एकदम पडताहेत ना, हेही पाहा. वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारं आवाजाचं चित्र) मोठी करून बघितलीस तर टेलिग्रामवरच्या कितीतरी फाइल्सच्या सुरुवातीला बारीकशी शांतता सापडेल. एमपीथ्री केलेल्या फाइल्समध्ये ती बऱ्याचदा असते. नव्वदच्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला नव्वद मात्रांच्या लयीत, सोळाव्या भागाचं (पाव मात्रेचं) अंतर असतं १६७ मिलिसेकंद. त्यात वीस मिलिसेकंदांची शांतता आधी आली की किक ग्रिडवर (पडद्यावरच्या लयीच्या रेघांवर) असूनही मागे राहते. कातर घे आणि ती शांतता छाटून टाक. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात कुठल्याही महागड्या प्लगइनपेक्षा याने जास्त फरक पडतो.

बंद बोल आणि खुले बोल हा फरक तुला हातातून माहीत आहे. बीटमध्ये त्यालाच आवाजाची लांबी म्हणतात. नव्वदच्या लयीत दोन सेकंदांचा ८०८ तीन मात्रा पसरतो. पुढची किक त्याच्या अंगावर येते आणि चिखल होतो. प्रत्येक ८०८ कुठे थांबणार ते ठरव, जसा तू तळवा ठेवून डग्गा बंद करतोस. हॅटचंही तसंच: उघडी हॅट वाजत असताना बंद हॅट पडली की उघडी थांबली पाहिजे. सॅम्पलरमध्ये दोन्हींना एकाच ‘कट’ किंवा ‘चोक’ गटात टाकलं की हे आपोआप होतं. ८०८चा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारा आवाज तू आयता शोधतोयस. ती डग्ग्यावरची मींड, म्हणजे स्वराची घसरण, आहे. मनगटाने किती दाबायचं हे तुला कळतं, मग तोच वळसा पिच बेंडने (स्वर वर-खाली वाकवायच्या सोयीने) काढ.

आणि वजन. मिडीत, म्हणजे कॉम्प्युटरवर ठोके लिहायच्या पद्धतीत, प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असं वजन देता येतं. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सगळे ठोके शंभरवर आहेत. तिरकिटातली चारही अक्षरं सारख्या जोराने वाजवलीस तर गुरुजी काय म्हणतील? माउसने एकेक रेघ खालीवर करत बसू नकोस. एखादा लहान पॅड कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचं, बोटांनी वाजवायच्या रबरी चौकोनांचं यंत्र) घेऊन बोटांनी वाजव, वजन आपोआप येईल. वाजवून झाल्यावर सगळं शंभर टक्के क्वांटाइझ करून ग्रिडला चिकटवू नकोस. १९८८च्या एमपीसी-६० या बीट मशीनपासून जो ‘स्विंग’ लोकांना वेड लावतोय, तो म्हणजे पाव मात्रेच्या ठोक्यांतला दर दुसरा ठोका जरा उशिरा आणणं. पन्नास टक्क्यांवर सरळ चाल असते, सहासष्टच्या आसपास ती तिश्राकडे, म्हणजे तीन-तीनच्या चालीकडे, झुकते. केरव्याची लग्गी वाजवताना तू हे न मोजता करतोस.

खाली-भरीबद्दल मात्र थोडं थांबून बोलावंसं वाटतं, कारण नव्या मुलांच्या बीट्स मला बहुतेकदा इथे थकलेल्या वाटतात. तीनतालात खालीच्या भागात डग्गा गप्प होतो. तो परत आला की सम (तालाची पहिली मात्रा) जवळ आली हे ऐकणाऱ्याच्या अंगाला कळतं. तुझ्या बीटमध्ये किक पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड आहे. जी गोष्ट कधी गेलीच नाही, तिचं परत येणं कसं जाणवणार? सोळा मात्रांपैकी चार मात्रा ८०८ काढून घे. मित्राची सगळ्यात चांगली ओळ तिथे येऊ दे. मग समेवर सगळं एकदम आण. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आता चाळीस जीबीचं काय करायचं? पुसून टाक असं मी सांगणार नाही, ते जिवावर येतं. बाजूला ठेव. एक आठवडा रोज तासभर बसून फक्त ऐक आणि चोवीस आवाज निवड: चार किक, चार स्नेअर, दोन टाळ्या, पाच-सहा हॅट, तीन ८०८, उरलेले किरकोळ. फाइलचं नाव बदलून तुला त्या आवाजाला जे म्हणावंसं वाटतं ते ठेव, ‘ओला भोपळा’ असलं तरी चालेल. नावं स्वतः दिलेली असली की आवाज लक्षात राहतात. सगळ्यांच्या सुरुवाती छाट, सगळ्यांची पातळी सारखी कर, ८०८चा स्वर नावातच लिही. हे तुझं किट.

त्यात आणखी सहा जागा रिकाम्या ठेव, त्या तू स्वतः भरायच्या. खलबत्ता, स्टीलचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, दाराची कडी, तुझाच तबला. फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल, फक्त व्हॉइस नोट म्हणून नको, वॅव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) देणाऱ्या ॲपमध्ये कर. पंखा बंद, मागे गोधड्या टांगलेल्या, आणि आवाज लाल रेषेपासून बराच खाली. एकच ठोका दहा वेळा वेगवेगळ्या जोराने घे. एकच फाइल पुन्हा पुन्हा वाजली की कानाला मशीन ऐकू येतं, तीन-चार फाइल्स आलटून पालटून आल्या की माणूस ऐकू येतो.

गावातल्या हलगीवाल्यांना किंवा गोंधळ्यांच्या संबळाला रेकॉर्ड करायचा विचार मनात येईलच, आणि यावाच. हलगीची ती कोरडी कडाड कुठल्याही परदेशी किटमध्ये नाही. पण त्यांना आधी सांग की हा आवाज गाण्यात वापरणार आहे, आणि त्यांची बिदागी दे. यात्रेत गुपचूप फोन धरून घेऊ नकोस. १९६९ साली अमेरिकेतल्या द विन्स्टन्स या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने काही सेकंद एकट्याने वाजवलं. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, संगीताचे आख्खे प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमनला त्याचे पैसे मिळाले नाहीत. २००६ मध्ये तो गेला तेव्हा बेघर होता. आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांच्या बाबतीत तसं होऊ नये, निदान तुझ्या हातून होऊ नये.

टेलिग्रामवरच्या किट्सबद्दल तू ओझरतं लिहिलंस, पण मी स्पष्ट बोलतो. ती कुणीतरी विकायला बनवलेली असतात. गावातल्या गाण्यापुरतं काही होत नाही, पण गाणं चाललं की प्रश्न येतो. एका ओळखीच्या मुलासाठी मी केलेल्या गाण्यात ‘फ्री’ म्हणून मिळालेला एक लूप होता. गाणं यूट्यूबवर चढलं आणि आठवड्यात दुसऱ्याच कुणाचा हक्क त्यावर लागला. तोच लूप त्याने आधी वापरून गाणं नोंदवलं होतं. वाद मिटायला महिने गेले, तोवर जी काही कमाई होती ती अडकली. तेव्हापासून प्रत्येक किटची पावती आणि परवान्याची प्रत मी त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. तूही ठेव. फुकट हवं असेल तर फ्रीसाउंडसारख्या ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर वापराला मोकळे केलेले, आवाज मिळतात, पण प्रत्येकाचा परवाना वाच: काही पूर्ण मोकळे, काहींना नाव द्यावं लागतं, काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत.

मग वीस हजार. तो मोठा संच घेऊ नकोस. तुझी अडचण आवाजांची संख्या कमी असण्याची नाही. त्याऐवजी पाच-सात हजारांत बंद पाठीचे, आवाज रंगवून न दाखवणारे बरे हेडफोन घे. एक लहान पॅड कंट्रोलर घे, तोही साधारण तेवढ्यातच येईल. बीटचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असेल तर उरलेल्यातून त्याचा साधा परवाना घे. थोडे पैसे हलगीवाल्यांच्या बिदागीसाठी राहू देत. किट घ्यायची वेळही येईल. समजा उद्या तुला ब्रशने वाजवलेले खरे ड्रम हवे आहेत आणि ते गावात कुठून मिळणार नाहीत, तेव्हा फक्त तेवढंच किट घे, आणि आनंदाने घे.

राहिला मित्र. तू विचारलं नाहीस, पण पत्रातली ती ओळ वाचून तुला लागलेलं कळतं. त्याने इंटरनेटवरून घेतलेल्या तीन बीट्स मागून घे, रागाने नाही, त्यांत त्याला काय आवडलं ते समजून घ्यायला. मला शंका आहे की त्या बीट्स भरगच्च नसतील, उलट त्यांत म्हणणाऱ्याच्या आवाजासाठी जागा सोडलेली असेल. मग त्याच्याकडून एक कडवं नुसतं, बीटशिवाय रेकॉर्ड करून घे आणि त्याच्या श्वासांवर, तो जिथे थांबतो तिथे, बीट बांध. गायकाच्या मागे बसून साथ करायला तू शिकलास, ते हेच.

पुढचा महिनाभर त्या चोवीस आणि सहा आवाजांतच तीन बीट्स कर. काम करताना एखादा आवाज खरंच कमी पडला तर वहीत लिहून ठेव: कोणत्या जागी, कसा, काय करण्यासाठी. महिन्याने पुन्हा पत्र लिहिशील तेव्हा ती यादी पाठव. कुठलं किट घ्यायचं ते आपण त्या यादीवरून ठरवू.